निर्गुडी कुंपणाला, डास पिंपात

मैत्रिणींनो, पावसाळ्यात बचत गटाच्या मीटिंगला आमच्या एक वहिनी हातात कुंडी घेऊनच आल्या. "ताई, मच्छर पळवणारं झाड! तीनशेला मिळालं." पान चुरडलं की लिंबासारखा छान वास. पंधरा दिवसांनी विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगू, कुंडीखालच्या बशीतच अळ्या वळवळताहेत!"

वास असतो पानातल्या तेलाला. पान चुरडलं, जाळलं, तरच ते तेल पुरेसं बाहेर येतं. नुसतं झाड ठेवून डास कसे पळतील? आपली निर्गुडीच घ्या ना. ओढ्याकाठी, कुंपणाला उगवते, तीन-पाच बोटांसारखी पानं, जांभळट फुलं. शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. माझ्या सासूबाई तिचा पाला सावलीत वाळवून धान्याच्या डब्यात घालायच्या, किडे लागत नसत. पण तो बंद डबा होता हो! वास आतच कोंडून राहायचा. उघड्या अंगणात तो वाऱ्यावरच जायचा.

तिन्हीसांजेला निर्गुडीची धुरी केली की डास थोडा वेळ हटतात, हे खरं. पण दार लावून लेकराच्या उशाशी धूर करू नका. कॉईलचा असो की पाल्याचा, छातीला धूर तो धूरच. सिट्रोनेलाचं तेल खोबरेल तेलात मिसळून लावलं तर तास-दोन तास बरं वाटतं, इतकंच. तान्ह्या बाळाला तर तेही नको. शिवाय डेंग्यूचा डास चावतो दिवसा. तेव्हा कोण धुरी करतं?

तो वाढतो घरातल्या साठवलेल्या पाण्यात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं.

आता माझं खरं दुखणं. आमच्या गल्लीत डेंग्यू निघाला तेव्हा तपासणीला आलेल्यांनी पिंपात बॅटरी मारली आणि घरच्या बाईलाच चार शब्द सुनावले, "कोरडा दिवस पाळत नाही का?" अहो, नळ सहा दिवसांनी येणार, तोही तासभर. पुढच्या वेळी येईल याचा भरवसा नाही. मग जुन्या पाण्यावर नवं पाणी भरलं जातं, पिंप तळापर्यंत रिकामं होतच नाही. पिण्याचं पाणी ओतून द्यायचा जीव होतो का कोणाचा? पिंप घासायची जबाबदारी आमची, मान्य. पण दोन दिवसांआड नळ सोडायची जबाबदारी कोणाची? वॉर्डाच्या बैठकीला जाऊन हे आपणच विचारायला हवं, आणि एकटीनं नाही, दहाजणींनी.

निर्गुडी लावायची असेल तर पावसाळ्यात माझ्या कुंपणाची फांदी घेऊन जा, नुसती खोचली तरी जगते. पिंपावर दुहेरी बांधायला जुनं सुती लुगडं मात्र आपापलं शोधा!