ओटावाची जकात आणि मायची वेचाई

दोस्तांनो, जकात म्हटली की आपली पोरं जांभया देतात. तो शेठजींचा विषय, आपला काय संबंध? मीही तसाच होतो. २०२५ च्या दिवाळीत मायच्या वेचाईतले किलोमागे दोन रुपये कापले गेले, तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं. शेतमालक म्हणे, "भाव पडला, सरकारनं बाहेरचा कापूस आणला, मी काय करू?" माय म्हणाली, "मंग बोंडं बोटाईले कमी टोचली का, पाटील?"

सरकारनं काय केलं होतं? २०२१ पासूनची कापसावरची ११ टक्के आयात जकात १९ ऑगस्ट २०२५ ला उठवली. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के लादले, तर गिरण्यांना स्वस्त कापूस हवा! जगातले भाव आधीच पडलेले, त्यात ही भर. मध्यम धाग्याचा हमीभाव ७७१० रुपये, खुल्या बाजारात त्याच्या खाली.

हा डाव जुना आहे. १९३२ साली ओटावात ब्रिटिश साम्राज्यानं सवलतीची जकात ठरवली. घरच्यांना कमी, परक्यांना जास्त. आपण म्हणे घरचे! जून १९३३ मध्ये परक्या सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर गेली, लँकेशायरला मात्र २५ च. नेम जपानवर होता. जपानी गिरणीवाल्यांनी काय केलं? हिंदुस्थानचा कापूस घेणंच बंद. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. जपान तो घ्यायचा, लँकेशायरच्या यंत्रांना लांब धागा लागायचा. म्हणजे सवलत ज्याला दिली त्याला आमचा माल नको, आणि ज्याला हवा त्यालाच हाकललं. त्या ऑक्टोबरात मुंबईचे होमी मोदी आणि लँकेशायरचे क्लेअर-लीस यांनी करार केला. लँकेशायर आपला कापूस जास्त वापरील, असं वचन. वचनानं गाठी उचलल्या जात नाहीत. जानेवारी १९३४ मध्ये जपानशीच जमवावं लागलं : १५ लाख गाठी घ्या, ४० कोटी वार कापड आणा.

त्या सौद्यात वेचणाऱ्या हाताला खुर्ची नव्हती. तो हात कुणाचा? नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब अमरावतीच्या सत्याग्रह परिषदेचे अध्यक्ष होते, अंबादेवीचं देऊळ आपल्याला बंद म्हणून. देवळाला आपला हात चालत नव्हता. ओसाकाला चालला, मँचेस्टरला चालला. आपण वेचलेला कापूस कुणी गोमूत्र शिंपडून नाही नेला!

अर्थशास्त्री याला न ठरवलेले परिणाम म्हणतात. नसतील ठरवले. पण दर खेपेला ते आपल्याच दारात कसे येऊन पडतात?

जकात उठवू नका, असं शेतकरी ओरडले, मीही त्यांच्यात ओरडलो. खरंच ओरडलो, घसा बसेपर्यंत. निवेदन हातात आलं तेव्हा बघितलं, वेचाईचा एक शब्द नाही. कृषिमूल्य आयोग हमीभाव काढताना मजुरी धरतो. म्हणजे मायची मजुरी त्या ७७१० च्या पोटात आहे. पैसा जातो सातबारावाल्याच्या खात्यात, आणि मायच्या नावावर सातबारा नाही. भाव पडला की तिचे दोन रुपये जातात, भाव चढला तर तिला कुणी बोलावून देत नाही.

पुढच्या हंगामाला अकोल्याच्या बाजार समितीपुढे आपण जाऊ ते आपला कागद घेऊन. पहिली ओळ : वेचाईचा दर कापूस फुटायच्या आधी लेखी ठरवा, मधेच कापायचा नाही. जकातीची मागणी त्याच्या खाली.