बऱ्या झालेल्या माणसाला घर हवे

वेड लागलेल्या माणसाला दूर कोठेतरी पोहोचवून यावे, ही आपल्याकडची जुनी रीत. तिला कायद्याचाही आधार होता. १९१२ चा वेड्यांसंबंधीचा कायदा १९९३ पर्यंत चालू होता. जन्मापासून मतिमंद असलेला आणि पुढे मनाचा आजार जडलेला, दोघेही त्यात एकाच नावाखाली येत. नातेवाइकाने अर्ज करायचा, डॉक्टरांचे दोन दाखले जोडायचे, मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला की माणूस आत. काळजी घेण्याची हमी देऊन नातेवाइकांना त्याला परत नेता येई. पण ज्याला न्यायला कोणी आलेच नाही, तो तेथेच म्हातारा झाला.

गुजरातेतील चार सरकारी मनोरुग्णालये अहमदाबाद, वडोदरा, जामनगर व भुज येथे आहेत. सुरतेला जवळचे वडोदरा, तेही रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. उधना-लिंबायतेत मागावर काम करणाऱ्या खानदेशी कुटुंबाला एका भेटीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मग भेटी लांबतात. भाड्याची खोली बदलली की पत्ताही हरवतो.

२०१७ चा नवा कायदा स्पष्ट सांगतो की, घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवू नये. साखळीने बांधण्यासही त्यात मनाई आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागून २८ रुग्ण दगावले. साखळ्यांमुळे त्यांना पळता आले नाही, हे विसरू नये.

पण घर काही कायद्याने मिळत नाही. ते आपणच द्यायचे, असे आमचे मत आहे. शेजारी काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, ही काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. तरीही, आजार बरा झाल्यावर माणसाला बंदिस्त ठेवणे हा अन्याय आहे.

घरी आणल्यावर एवढे करावे. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत. गावी शेत असल्यास निंदणी, गुरांचे चारापाणी अशी कामे द्यावीत. मात्र भर उन्हात नको, कारण काही गोळ्यांमुळे ऊन सोसत नाही. कीटकनाशके कुलपात ठेवावीत. केलेल्या कामाची मजुरी त्याच्याच हाती द्यावी. सुरतेच्या नव्या सिव्हिल इस्पितळात मनोविकार विभाग आहे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून फुकट सल्लाही मिळतो.

आपल्या घरचे कोणी अद्याप तेथे असेल, तर या महिन्यात जाऊन डॉक्टरांना विचारावे: याला घरी कधी नेता येईल?