अस्सल, नक्कल आणि छायाचित्र : निसर्गचित्रांच्या पुस्तकांचे पुनर्मुद्रण

१/१२
एखाद्या बखरीची नवी आवृत्ती हलक्या कागदावर निघाली, तरी तिचे शब्द तेच राहतात. अक्षर फिकट उमटले म्हणून अर्थ बदलत नाही. छायाचित्रांच्या पुस्तकाचे तसे नसते. तेथे शाई, कागद आणि छपाई हाच मजकूर. सावली काळवंडली की संपादकाने एक ओळ गाळली असे समजावे. म्हणूनच निसर्गछायाचित्रांच्या गाजलेल्या पुस्तकांचे पुनर्मुद्रण हा संग्राहकांच्या हौसेपुरता विषय उरत नाही. तो साधनचिकित्सेचा विषय ठरतो.

२/१२
उदाहरण एलियट पोर्टर (१९०१–१९९०) यांचे. वैद्यकशास्त्र शिकलेले हे अमेरिकन गृहस्थ पुढे छायाचित्रकार झाले. १९६२ मध्ये सिएरा क्लब या निसर्गसंरक्षण संस्थेने त्यांची रंगीत छायाचित्रे हेन्री डेव्हिड थोरो यांच्या उताऱ्यांसह प्रसिद्ध केली. पुस्तकाचे नाव ‘इन वाइल्डनेस इज द प्रिझर्व्हेशन ऑफ द वर्ल्ड’, किंमत २५ डॉलर. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. संस्थेचे कार्यकारी संचालक डेव्हिड ब्राउअर यांचा आग्रह होता की, पानावरचे चित्र नजरेला आत फिरावे लागेल इतके मोठे हवे.

३/१२
पोर्टर आपली चित्रे ‘डाय ट्रान्स्फर’ पद्धतीने तयार करीत. मूळ रंगीत फिल्मवरून तीन स्वतंत्र निगेटिव्ह, त्यांवरून तीन साचे, आणि मग निळा, किरमिजी व पिवळा हे रंग एकामागून एक कागदावर उतरवायचे, असा हा खटाटोप. प्रत्येक रंग वेगळा कमीजास्त करता येत असल्याने अंतिम छटा छायाचित्रकाराच्या निर्णयाने ठरे. कॅमेऱ्यातील फिल्म हा कच्चा खर्डा, हाताने उतरवलेला कागद ही पक्की प्रत. नवी आवृत्ती या दोहोंपैकी कशावरून छापली, हा प्रश्न येथेच जन्माला येतो.

४/१२
या प्रश्नाचे मोल पोर्टर यांच्या पुढच्या पुस्तकात दिसते. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन ही दरी धरणाखाली जाणार हे १९५६ मध्येच निश्चित झाले होते. दुसरीकडील इको पार्क वाचवण्याच्या तडजोडीत तिचा बळी गेला. १९६३ मध्ये धरणात पाणी साठू लागले आणि त्याच वर्षी ‘द प्लेस नो वन न्यू’ हे पुस्तक आले. ज्या जागेची ही चित्रे होती, ती जागा वाचकाच्या हाती पुस्तक असतानाच बुडत होती.

५/१२
त्या दरीतील रंग हा तेथील भूगोलाचा भाग होता. अरुंद, उभ्या कड्यांमध्ये थेट ऊन फार थोडा वेळ पोचते. एका कड्यावर पडलेले ऊन तांबूस होऊन समोरच्या कड्यावर जाते. सावलीतल्या ओल्या दगडावर आकाशाची निळाई उतरते. नारिंगी कातळाशेजारी निळी-जांभळी सावली दिसते ती यामुळे. हे ठाऊक नसलेला मुद्रक ती निळाई छपाईचा दोष समजून ‘सुधारू’ शकतो. चित्र अधिक स्वाभाविक दिसेल. पण त्या दरीतील प्रकाशाची साक्ष पुसली जाईल.

६/१२
पुनर्मुद्रणात बिघाड कोठे होतो? रंगीत चित्र छापण्यासाठी ते चार शाईंत विभागावे लागते. त्या विभाजनाच्या जुन्या फिल्म वर्षानुवर्षे जपल्या जातातच असे नाही. मूळ फिल्मचे रंगही काळाबरोबर उडू शकतात. मग सोपी वाट उरते ती जुन्या छापील पानाचेच स्कॅन करण्याची. छापील चित्र बारीक ठिपक्यांनी बनलेले असते. त्या ठिपक्यांवर नव्या छपाईचे ठिपके चढले की पानावर जाळीसारखी नक्षी उमटते, आणि ती टाळण्यासाठी चित्र धूसर केले की पानांच्या शिरा व दगडांचे पोत नाहीसे होतात. ही नकलेची नक्कल होय.

७/१२
कागदाचाही वाटा असतो. शाई कागदात पसरते आणि ठिपका फुगतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर हे कमी घडते, शोषक कागदावर अधिक. याचा हिशेब न ठेवता छापले, तर गडद भागातले तपशील एकमेकांत मिसळून सपाट काळे होतात. निसर्गछायाचित्रात नेमक्या या भागांत पुष्कळ काही असते: झाडीतला पक्षी, कड्याच्या सावलीतली नेची, पाण्याखालचे दगड.

८/१२
यावर एक वाजवी आक्षेप आहे. उत्तम छपाईचा आग्रह म्हणजे महागड्या पुस्तकांचा आग्रह नव्हे काय? १९६७ मध्ये बॅलंटाइन या प्रकाशनसंस्थेने पोर्टर यांच्या पहिल्या पुस्तकाची छोटी, स्वस्त आवृत्ती काढली आणि ज्यांना २५ डॉलर परवडत नव्हते त्यांच्या हाती ती चित्रे पोचली. हे काम मोलाचेच होते. स्वस्त आवृत्ती हा दोष नाही. ती कशावरून छापली हे न सांगता तिला ‘मूळ पुस्तक पुन्हा उपलब्ध’ म्हणून विकणे, हा दोष आहे.

९/१२
दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: मूळ म्हणजे तरी कोणते? ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे छायाचित्र टिपले. एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढे अनेक दशके प्रती काढल्या. आरंभीच्या प्रतींत आकाश उजळ असून ढग दिसतात. नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ काळे आहे. दोन्ही प्रती त्यांच्याच हातच्या. पोथ्यांच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. हे पाठभेद आहेत. पाठभेद असले म्हणून संपादकाची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते.

१०/१२
हाच प्रश्न भारतातही पडतो. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पावलाने कॅमेरा व झोत चालू व्हावा अशी त्यांची योजना असे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून तो ओळखता येतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आजची व्याघ्रगणनाही पट्ट्यांच्याच आधारे वाघ वेगळे ओळखते. अशा चित्राच्या पुनर्मुद्रणात पट्टे सावलीत बुडाले, तर ‘एक विशिष्ट वाघ’ जाऊन ‘कोणताही वाघ’ उरतो.

११/१२
तेव्हा प्रकाशकांकडे मागणी साधी असावी. प्रकाशनाच्या तपशिलाच्या पानावर चार ओळी हव्यात: चित्रे फिल्मवरून, छायाचित्रकाराच्या प्रतीवरून की जुन्या पुस्तकावरून घेतली, रंग कोणत्या प्रतीशी जुळवले, ते कोणी तपासले, मूळ आकार आणि कडा तशाच ठेवल्या की कातरल्या. आजची यंत्रे जुन्यांहून सूक्ष्म छपाई करू शकतात, त्यामुळे नवी आवृत्ती जुनीपेक्षा सरसही ठरू शकते. पण तसे असल्यास तेही नोंदवलेले असावे.

१२/१२
आणि ग्रंथालयांनी नवी आवृत्ती आली म्हणून जुनी प्रत रद्दीत काढू नये. अलीकडच्या दुष्काळांत ग्लेन कॅनियनच्या जलाशयाची पातळी घटली आणि बुडालेल्या काही उपदऱ्या पुन्हा उघड्या पडल्या. तेथे आता काय बदलले हे ठरवताना १९६३ च्या छायाचित्रांशी ताडून पाहावे लागेल. राजवाड्यांच्या पिढीने मराठी वाचकाला अस्सल कागद आणि नक्कल यांत भेद करायला शिकवले. तीच कसोटी छापील चित्रालाही लावली पाहिजे.