यादीत नसलेलं गाणं

‘तुझं फेव्हरिट गाणं कुठलं?’ हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, बरं का! पहिल्याच भेटीत कुणी विचारला, तर आपण जरा हटके, फारसं कुणी न ऐकलेलं गाणं सांगतो. ऑफिसच्या पिकनिकला विचारला, तर सगळ्यांना येणारं सांगतो. आणि रात्री दीड वाजता, लाइट गेलेले असताना, एखाद्या जिवलग मैत्रिणीनं विचारला तर... तेव्हा कुठे खरं उत्तर बाहेर येतं. ते गाणं फार ग्रेट वगैरे असतंच असं नाही. पण त्यात कुणीतरी असतं. एस.टी.ची खिडकी असते, गणपतीची सुट्टी असते, दहावीचा रिझल्ट असतो.

यामागे थोडं सायन्सही आहे. साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाच्या डोक्यात सगळ्यात दाट साठतात, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्या वर्षांत कानावर पडलेली गाणीही तशीच चिकटून बसतात. म्हणून ‘आमच्या वेळची गाणीच भारी होती’ हे प्रत्येक पिढी म्हणते आणि प्रत्येक पिढी अगदी मनापासून म्हणते!

आमच्या घरी मात्र हा प्रश्न भावनेचा नव्हता, धंद्याचा होता. रत्नागिरीत बाबांचं कॅसेटचं दुकान होतं. कोऱ्या कॅसेटवर पसंतीची गाणी भरून मिळायची. गिऱ्हाईक यादी घेऊन यायचं. वहीच्या पानावर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर, सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेली. बाबा ती वाचायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “परवा या.” कॉपीराइट हा शब्द तेव्हा कुणाच्या गावीही नव्हता.

आणि काय एकेक याद्या! मुंबईला परत निघालेल्या चाकरमान्याला प्रवासासाठी प्रल्हाद शिंदे हवे असायचे. ट्रॅक्सवाल्यांना ‘आशिकी’शिवाय चालायचं नाही. नवी लग्नं झालेले ‘मैंने प्यार किया’पासून सुरू व्हायचे. एक निवृत्त गुरुजी दरवर्षी गीतरामायणातली तीच सहा गाणी नव्या कॅसेटवर भरून न्यायचे, कारण जुनी वाजवून वाजवून घासलेली असायची. कोण प्रेमात पडलंय, कुणाचं फिस्कटलंय, कुणाच्या घरी कोण गेलंय... गावातल्या पोस्टमनपेक्षा बाबांना जास्त ठाऊक असायचं. पण या कानाचं त्या कानाला नाही हं!

यात एक टेक्निकल भानगड होती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. गाणी कधीच तीस मिनिटांत नीट बसत नाहीत. शेवटी चार-पाच मिनिटं उरायची आणि यादीतलं पुढचं गाणं तिथे घातलं की मध्येच तुटायचं. गाणं अर्धवट तोडणं बाबांच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि रिकामी टेप देणंही पटत नव्हतं. मग ते त्या जागेत आपल्या मर्जीनं काहीतरी टाकायचे. त्याचे पैसे लावायचे नाहीत. मी तेव्हा शाळेतून येऊन काउंटरमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. माझ्या दृष्टीनं ती ‘फ्री’ गाणी होती, बस्स!

मग सीडी आली, मागोमाग एमपीथ्री. २००६ मध्ये बाबांनी शेवटची कोरी कॅसेट विकली आणि दुकानात मोबाइल रिचार्ज, रिंगटोन, मेमरी कार्ड सुरू केलं. याद्या बंद झाल्या. “काय पण टाका, दोन जीबी भरा,” असं सांगणारी मुलं यायला लागली. बाबा भरून द्यायचे, पण त्यांचा चेहरा बघवत नसे.

अपवाद एकच, २००८-०९ चा सीझन. आठवतंय ना? झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’! अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचा ‘वरचा सा’ घराघरांत पोचला होता. शेवटच्या पाचांत आमच्या जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे होता. मग काय, अख्खी रत्नागिरी कामाला लागली. एसएमएस करायचे म्हणून लोक रिचार्ज मारायला रांगेत. कधी गाणं न ऐकणाऱ्या आजोबांना नातू मेसेज टाइप करायला शिकवतोय. दुकानातला छोटा टीव्ही बाबांनी रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता. अंतिम फेरी कार्तिकी गायकवाडनं जिंकली आणि आमच्याकडे दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. पण त्या महिन्यांत सगळं गाव एकाच वेळी एकच गाणं ऐकत होतं. मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेशचं डिसेंबर २०२३ मध्ये लग्न झालं, तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर घरचंच कार्य असल्यासारखा धुमाकूळ होता!

२०२३ आमच्या घरात मात्र वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिलं. त्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं समजायचं, डोळ्यांत उत्तर दिसायचं, पण शब्द ओठांवर येईना. पाणी हवं असलं तरी ‘पाणी’ म्हणता येईना. याला वाचाघात म्हणतात, इंग्रजीत अफेझिया. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं मुख्य काम डाव्या बाजूला चालतं. तिथला रक्तपुरवठा तुटला की ही वेळ येते. बाबा चिडायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची.

स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, “त्यांना तोंडपाठ असलेली गाणी लावा.” आधी मला हा फिल्मी उपाय वाटला. पण प्रकार खरा आहे. गाण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो, त्यामुळे बोलू न शकणारी काही माणसं चक्क शब्दांसकट गातात. या निरीक्षणावरून १९७३ मध्ये अमेरिकेत एक उपचारपद्धतीच मांडली गेली. त्यात रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत, डाव्या हातानं ठेका धरत म्हणून घेतात. २०११ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या अमेरिकन काँग्रेस सदस्य गॅबी गिफर्ड्स यांनाही पुन्हा बोलतं करताना गाण्याचा खूप उपयोग झाला. अर्थात पाठ गाणं म्हणणं वेगळं आणि स्वतःचं वाक्य बोलणं वेगळं. हेही थेरपिस्टनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

प्रश्न होता, लावायचं कुठलं? दादानं रफी लावला. बाबांनी ऐकला, शब्द नाही. मी भीमसेनजींचे अभंग लावले. डोळे भरून आले, शब्द नाही. गावभरच्या आवडी या माणसाला पाठ, पण दुकानदाराकडे त्याची यादी कोण मागणार!

एका रविवारी मिरकरवाड्याहून एक तांडेलकाका भेटायला आले. जुनं गिऱ्हाईक. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कॅसेट. बोलता बोलता म्हणाले, “मी अकरा गाणी लिवून दिली व्हती गो. ह्यांनी बारा भरली. ‘गोमू संगतीनं’ आमी मागितलंच नव्हतं. पण बोटीवर सगळ्यात जास्त तेच वाजलं!” पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी माळ्यावरून त्यांची कॅसेट काढली. एका बाजूच्या शेवटी तेच. मग मीच दोघा-तिघांना फोन केले. तेच, तेच!

‘हा खेळ सावल्यांचा’मधलं हे गाणं. सिनेमा १९७६ चा, शब्द सुधीर मोघेंचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गायला आशा भोसले आणि हेमंतकुमार. एका बंगाली माणसानं आमच्या किनाऱ्याचा सूर असा काही लावलाय, की त्यांना कोळीवाड्यात जन्मलेलेच समजावं! सिनेमा आला तेव्हा बाबा सतरा वर्षांचे होते.

मी फोनवर ते लावलं. पहिल्या ओळीला काही नाही. दुसऱ्या वेळी ती ओळ आली आणि हेमंतकुमारांच्या मागोमाग बाबांचा आवाज आला. घोगरा, जरा बेसूर, पण शब्द अख्खे. एकही तुटला नाही. आई दारात उभी होती, हात पिठाचे. आशाताईंची ओळ आल्यावर बाबांनी तिच्याकडे बघितलं. “अहो, मला कुठे गाता येतं!” असं म्हणत तिनं ती म्हटलीसुद्धा!

चमत्कार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी खुणेनंच मागितलं. पण बाबा व्यायामाला बसायला लागले. आज ‘चहा’, ‘नको’, ‘ये’, माझं नाव आणि चार-पाच छोटी वाक्यं येतात. काही दिवशी तीही अडकतात. मग आई मांडीवर ठेका धरते.

आपण दिवसाला दहा गाण्यांच्या लिंक फॉरवर्ड करतो. समोरचा हार्ट टाकतो, विषय संपतो. या वीकएंडला एक करून बघा ना. घरातल्या मोठ्यांकडून त्यांच्या गाण्यांची यादी घ्या. फोनवर नको, कागदावर, त्यांच्या अक्षरात. आणि प्रत्येक गाण्यापुढे ते कुठे ऐकलं, सोबत कोण होतं, एवढंच लिहायला सांगा. विशेषतः घरात जो नेहमी दुसऱ्यांसाठी गाणी लावतो ना, त्याला आधी विचारा. आणि कागदाच्या तळाशी जागा उरली, तर तुमचंही एक लिहून टाका. न मागता!