प्रमाण आणि प्रमाण

आपल्या भाषेत ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : राशींचे परस्पर गुणोत्तर आणि यथार्थ ज्ञानाचे साधन. पहिल्याला दुसरे मानल्यास काय घडते, हे प्राचीन ग्रीकांच्या संगीतविचारातून उत्तम रीतीने समजते.

समान ताणाच्या तारेची लांबी निम्मी केली की वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो. तिसरा भाग कमी केला की पंचम, चौथा भाग कमी केला की मध्यम. या शोधाचे श्रेय परंपरेने ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील पायथागोरसाकडे जाते आणि तो आजही कोणालाही पडताळता येतो. परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात निकोमॅकसाने लिहिलेल्या कथेनुसार, 12, 9, 8 व 6 या प्रमाणातील वजने तारांना टांगूनही पायथागोरसाला हेच स्वरसंवाद मिळाले. वस्तुतः वरच्या सप्तकासाठी ताण दुप्पट नव्हे, चौपट लागतो. ही कथा मात्र शतकानुशतके ग्रंथांतून उतरत राहिली. अखेर 1589 मध्ये गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो गॅलिली यांनी तिच्यातील चूक दाखवून दिली. त्यासाठी तारा आणि वजने एवढेच साहित्य पुरेसे होते!

संवादाची ही कल्पना पुढे समाजरचनेलाही लावली गेली. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये शासक, सैनिक व उत्पादक यांनी आपापले नेमून दिलेले कार्य करणे म्हणजे न्याय, तेथे स्वररचनाही डोरियन व फ्रिजियन या दोनच ठेवलेल्या. कोणी कोणता स्वर व्हावे, हे ठरविणार शासक! याउलट क्रोटॉनचा वैद्यकविचारक आल्कमिऑन याने शीत-उष्ण, आर्द्र-शुष्क आदी शक्तींच्या समान अधिकाराला आरोग्य म्हटले आणि एकाच शक्तीच्या सत्तेला रोग. समतोलाचा दृष्टान्त एकच. निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध. म्हणूनच दृष्टान्ताने हेतूची जागा घेऊ नये.

पायथागोरसपंथीयांच्या केवळ संख्यानिष्ठेला ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ॲरिस्टोझेनसाने विरोध केला. स्वराचा निर्णय कान आणि बुद्धी यांनी मिळून करावा, असे त्याचे म्हणणे. आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांना प्रमाण मानणाऱ्या आपल्या शास्त्राला हे अपरिचित नाही.

स्नेहकल्पनेचेच पाहा. कल्क, स्नेह व द्रव यांचे 1:4:16 हे प्रमाण ग्रंथांनी दिले; पण कल्काची वात वळते का, अग्नीवर टाकल्यास तडतडतो का, हे पाहावयासही त्यांनीच सांगितले. घरगुती कढईऐवजी मोठे वाफेचे पात्र आले, तर गुणोत्तर तेच राहते, बाष्पीभवन नव्हे. अशा वेळी केवळ ‘ग्रंथोक्त प्रमाणात सिद्ध’ असे लेबल लावून आपली जबाबदारी संपत नाही. घटकांचे प्रमाण ग्रंथ देतील. पाकसिद्धीचे प्रमाण मात्र प्रत्येक घाण्यागणिक आपणच मिळविले पाहिजे.