मोहाला विदेशी व्हावे लागले!

अर्जेंटिनाच्या उत्तरेला साल्ता नावाचा प्रांत आहे. तेथील काफायाते खोऱ्यात, सुमारे साडेपाच हजार फूट उंचीवर, टोरोंटेस जातीची द्राक्षे पिकतात व त्यांची पांढरी वाइन जगभर जाते. तिला गुलाबाचा, मोगऱ्याचा वास. ती ताजी असतानाच, गार करून घ्यावी. मासळीशी व मसालेदार जेवणाशी तिचे चांगले जमते. आमची शहरी मंडळी हे सारे स्तोत्रासारखे म्हणून दाखवतात. म्हणोत बापडी! ज्या मातीतले फळ त्या मातीने त्याचे कौतुक करावे, यात वावगे काय? माझे भांडण वाइनशी नाही. ते आपल्या दुहेरी मापाशी आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणीकडे मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. गोंड-कोलामांच्या बाया टोपल्या घेऊन ती वेचतात. या फुलालाही वास आहे, गोडी आहे. ते वाळवून साठवतात, शिजवून खातात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात. अडीअडचणीच्या दिवसांत याच फुलाने कित्येकांची पोटे भरली. पण मोहाचे नाव काढताच सभ्य माणूस नाक मुरडतो. टोरोंटेसच्या वाट्याला गुलाब-मोगरा, मोहाच्या वाट्याला पंचनामा!

ही खोड जुनी आहे. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा खास कायदा केला. काळजी प्रजेच्या प्रकृतीची नव्हती, अबकारीच्या उत्पन्नाची होती. इंग्रज गेला, त्याचे नाक मागे राहिले. महाराष्ट्रात फुले वेचण्या-नेण्यावरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले.

पुढची गंमत ऐका. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे सरकारने ठरवले; कारण काय, तर शेतकऱ्याच्या द्राक्षांना भाव मिळेल! विरोध झाला आणि ते बारगळले. त्याच वर्षी मोहाच्या व काजूबोंडाच्या मद्याला ‘देशी’तून उचलून ‘विदेशी मद्य’ या वर्गात बसवले. आमच्या रानात गळलेले फूल, आणि ते विदेशी! घरच्या लेकीला मान मिळावा म्हणून तिला परक्याची ठरवावे, तसा हा न्याय.

कोणी म्हणेल, हा मास्तर पोरांना दारू शिकवणार की काय? मुळीच नाही. दारूने संसार कसे मोडतात हे या जिल्ह्यातल्या बायांना विचारा; दारूबंदीसाठी त्यांनी मोर्चे काढले आहेत. वाइन नुसती आंबवतात, मोहाची दारू आंबवून वर गाळतात, म्हणून ती अधिक कडक, हेही मला मान्य आहे. पण मग न्याय एकच हवा. घर मोडते म्हणून बंदी हवी, तर उंची पेल्यालाही तोच प्रश्न विचारा. पिकवणाऱ्याच्या चार पैशांसाठी सवलत हवी, तर पहाटे फुले वेचणारी बाईही कष्टकरीच आहे. तिला आरोपी आणि द्राक्षबागवाल्याला उद्योजक म्हणणारी जीभ खोटी आहे.

आणि कशाबरोबर काय खावे हेच शिकायचे असेल, तर बाटलीपासून कशाला सुरुवात? यंदा फराळाच्या ताटात चिवड्याशेजारी मोहाचा एक लाडू वाढा. फुले मात्र वेचणारीकडून घ्या, आणि भाव करताना घासाघीस करू नका.