कॅन घेऊन आलेला माणूस

२ जानेवारी २०२४ चा मंगळवार. भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पंपावर मी भर दुपारी रांगेत उभा होतो. माझ्या मोटारसायकलच्या टाकीत निम्म्याहून जास्त पेट्रोल होतं. त्या दिवशी मला कुठं लांब जायचंही नव्हतं. आदल्या रात्री मोबाईलवर 'पेट्रोल बंद होणार' असे पाच-सहा निरोप आले आणि सकाळी शेजारचे दोघं टाकी फुल्ल करून आले, एवढंच माझ्या तिथं असण्याचं कारण.

माझ्या पुढं चार-पाच गाड्या सोडून एक वयस्कर शेतकरी वीस लिटरचा कॅन घेऊन उभे होते. त्यांना बघून रांगेत कुरकुर सुरू झाली. "साठा करायला आले बघा," असं एकजण मोठ्यानं म्हणाला. नोझलजवळ पोचल्यावर पंपावरच्या पोरानं हात जोडले, "तात्या, कॅनमध्ये द्यायचं नाही म्हणून सांगितलंय." ते म्हणाले, "अरे, ट्रॅक्टर रानात उभाय, टाकी कोरडी हाय. इथवर आणू कसा?" तुरीच्या सुड्या लागलेल्या होत्या, मळणीयंत्र भाड्यानं आणलेलं होतं. दोन वेळा विनवणी करून ते रिकामा कॅन घेऊन परत गेले. माझी टाकी मात्र गळ्यापर्यंत भरून मिळाली.

हे मला आजही खुपतं. खरीप तोंडावर आलाय, नांगरट-वखरणीला डिझेल लागतंय, आणि पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीच्या गाड्या लागायला फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून तो दिवस आत्ताच पुन्हा उघडून बघायला हवा.

त्या दोन दिवसांत इंधन संपलं नव्हतं. मुंबईहून भारत पेट्रोलियमची वाहिनी जमिनीखालून मनमाडला येते. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागाला तिथूनच टँकर जातात. १ जानेवारीला तिथले टँकरचालक थांबले. टाक्यांमध्ये तेल होतं, वाहिनी होती, पंप होते. नव्हता तो स्टिअरिंगवर बसणारा माणूस. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये असंच घडलं. तेल मुबलक, चालक अपुरे, आणि लोकांनी पंपांवर गर्दी केल्यावर ४ ऑक्टोबरपासून सरकारला टँकर चालवायला लष्करातले जवान उतरवावे लागले.

चालक का थांबले, तेही नीट सांगितलं पाहिजे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातात मृत्यू घडवून, पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद होती. आधीच्या कायद्यात निष्काळजीपणाच्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. चालकांची भीती खोटी नव्हती. थांबलं तर जमाव मारतो, निघून गेलं तर दहा वर्षं. पण ढाब्याढाब्यावर जो आकडा फिरत होता, 'सात लाख रुपये दंड', तो त्या कलमात कुठंच नाही. तिथं रक्कमच लिहिलेली नाही. म्हणजे टँकर थांबण्यात एका अफवेचा हात होता आणि पंप कोरडे पडण्यात दुसरीचा. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस यांची बोलणी होऊन काम सुरू करण्याचं आवाहन झालं. पुढं १ जुलैपासून संहिता लागू झाली, पण हे उपकलम सरकारनं बाजूला ठेवलं.

दोन दिवसांचा खोळंबा. एवढ्यात पंप कोरडा का पडावा? याचं गणित आमच्या गावाकडच्या सवयीत आहे. इथला मोटारसायकलवाला टाकी फुल्ल कधीच करत नाही. शंभराचं टाक, फार तर दोनशेचं. म्हणजे एक-दोन लिटर. पण शंभर सीसीच्या साध्या गाडीच्या टाकीत नऊ-दहा लिटर मावतात. एखाद्या पंपावर दिवसाला सहाशे मोटारसायकली येतात असं धरा. रोजच्या सवयीनं लिटर-लिटर घेतलं तर सहाशे लिटर जातं. त्याच सहाशेजणांनी त्याच दिवशी आठ-आठ लिटर भरलं, तर चार हजार आठशे. यात कुणी चोरी केली नाही, कुणी काळाबाजार केला नाही, कुणी घरात ड्रम लपवला नाही. प्रत्येकानं फक्त आपली टाकी भरली. आठवड्याचा साठा दिवसात गेला आणि तो गेला आमच्या गाड्यांच्या पोटात. कॅनवाल्या तात्यांना साठेबाज म्हणणारे आम्ही सगळे, माझ्यासकट, चालतेफिरते साठे होतो.

तरीही लोकांना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. शहरातली माणसं अशा वेळी 'अफवांवर विश्वास ठेवू नका' म्हणून मोकळी होतात. आमच्या जालना जिल्ह्यात ज्यानं उन्हाळे काढलेत त्याला साठवणं शिकवावं लागत नाही. पाण्याचा टँकर आला की घरातला हंडा, कळशी, बादली, पातेलं सगळं बाहेर येतं, कारण पुढची खेप कधी येईल याची खात्री कुणी दिलेली नसते. ऐन पेरणीत युरिया आला म्हटलं की दुकानापुढं रांग लागते, कारण मागच्या वेळी उशिरा गेलेला हात हलवत परत आलेला असतो. ज्यानं साठवलं त्याचं निभावलं, ज्यानं भरवसा ठेवला तो अडला, हे आम्ही अनुभवानं शिकलोय. मग 'साठा पुरेसा आहे' एवढं एक वाक्य ऐकून माणूस रांग कशी सोडेल? मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा इंडियन ऑइलनं देशभर साठा भरपूर असल्याचं जाहीर केलं. ते खरंही होतं. पण देशाच्या साठ्याचा भरवसा माझ्या गावच्या पंपाला कसा पुरेल? मला हवं असतं ते हे: आमचा टँकर पानेवाडीहून सुटला का, किती वाजता, इथं कधी लागेल.

एका गोष्टीत मात्र मी कुणाचीही बाजू घेणार नाही. पेट्रोल घरात साठवायचं नाही. पाण्याच्या बाटल्यांत भरून माजघरात ठेवलेलं पेट्रोल मी पाहिलंय. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत जाते. शेजारी कडब्याची गंजी असेल तर पुढचं सांगायला नको. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळं महिनोन् महिने ठेवलेलं पेट्रोल गाडीलाही धड राहत नाही. डिझेलचं वेगळं आहे. ते इतक्या सहज पेट घेत नाही, आणि पेट्रोलियम कायद्यानंही हा फरक मानलाय. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं. डिझेलची मर्यादा २,५०० लिटरची आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या कॅनमधलं वीस लिटर डिझेल कायद्याच्या नजरेत गुन्हा नाहीच. टंचाईत निघणारा 'कॅनमध्ये देऊ नका' हा सरसकट आदेश पेट्रोलच्या बाटलीला आणि डिझेलच्या कॅनला एकाच दावणीला बांधतो.

गाडी पंपावर येते, शेत येत नाही. मळणीयंत्र, रोटाव्हेटरचा ट्रॅक्टर, पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप, डिझेल इंजिन, या सगळ्यांकडं इंधन माणसाच्या हातानंच जातं. कॅन बंद केला की टंचाईचा सगळा भार शेतावर पडतो आणि ज्याच्याकडं गाडी आहे तो मात्र मोकळा राहतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, वाटप पहिल्या तासापासून ठरलेलं असावं. त्याच २ जानेवारीला चंडीगडच्या प्रशासनानं दुचाकीला दोन लिटर आणि चारचाकीला पाच लिटर अशी मर्यादा घातली. श्रीलंकेनं २०२२ मध्ये खरीखुरी टंचाई असताना क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा दिला, मोटारसायकलला सुरुवातीला चार लिटर. कोटा लागला की रांग लहान होते, कारण दोन लिटरसाठी निम्मी टाकी भरलेला माणूस दोन तास उभा राहत नाही. मी तर नक्कीच घरी गेलो असतो.

आमच्याकडं मर्यादा घालायचा विचार येतो तो पंप कोरडा पडल्यावर. तहसील कार्यालयानं पंपचालकांना बसवून हे आत्ताच ठरवून ठेवावं: टँकर थांबल्याची खबर आली की दुचाकीला दोन लिटर, रुग्णवाहिकेचा वाटा बाजूला, आणि ट्रॅक्टरचं आरसी बुक दाखवणाऱ्याला कॅनमध्ये दहा लिटर डिझेल. पंपाच्या फळ्यावर दोन ओळी खडूनं लिहाव्यात, टाकीत किती आहे आणि पुढचा टँकर कधी. आमच्या माणसाला फळ्यावरचा आकडा वाचायची सवय आहे, बाजार समितीत तो रोज भाव वाचतोच.

यात सगळ्यात घाईचा वाटा मिरचीचा आहे. जानेवारीत तुरीची सुडी आठ दिवस थांबली, नुकसान झालं पण माल राहिला. हिरवी मिरची थांबत नाही. तोडा झाला की ती बाजारात आणि बाजारातून पिकअपमध्ये चढून परजिल्ह्यात, परराज्यात जायला हवी. दोन दिवस डिझेल नाही म्हणून पिकअप उभी राहिली, तर पोत्यातली मिरची गरम होते, नरम पडते, आणि व्यापारी भाव पाडतो. तोडणीच्या बायांची मजुरी त्याच संध्याकाळी द्यायची असते.

ते तात्या मला नंतर बाजारात भेटले. मळणीयंत्रवाला थांबला नव्हता, दुसऱ्या गावी निघून गेला होता. पुन्हा त्याची पाळी यायला आठ दिवस गेले. मी त्यांना माझ्या टाकीचं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला तरी कुणी सांगितलं व्हतं का, टँकर कधी येणार ते?"